पिठोरीचं वाण

दिवसभराच्या उपासाची शकुबाई खीर-पुरीचं ताट डोक्यावर धरून उभी होती, पण वाणाचा प्रश्न विचारत नव्हती. पिठोरीला आईनं मागं न पाहता "अतीत कोण?" असं विचारायचं आणि लेकरानं मागून "मी" म्हणत वाण घ्यायचं. नक्षल्यांच्या दलममध्ये गेलेला रोशन त्या वाणासाठीच चोरून घरी आला होता आणि आता धानाच्या ढोलीमागे दडला होता. दारात पोलीस होते.

"पोरगा घरी नाई जी. कोणाले विचारू?"

"तरी विचार," साहेब म्हणाला. "आईनं विचारलं की पोरगा गप्प बसत नाही."

झडती घेणाऱ्या शिपायाचे बूट तिच्या मागून वाजत गेले आणि ढोलीपाशी थांबले. सगळं संपलंच होतं. निदान वाण तरी लेकराच्या पोटात जावं, म्हणून तिनं विचारलं, "अतीत कोण?"

"मी, माय."

आवाज रोशनचा नव्हता. शिपायानं तिच्या डोक्यावरचं ताट अलगद उतरवून घेतलं आणि दाराकडे ओरडला, "घरात दुसरं कोणी नाई, साहेब!"