चिंचोळं दार

त्या दिवशी बाबांची श्वासाची चाचणी मीच घेतली; दवाखान्यात माझं कामच ते. नळीत फुंकणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, "सोडत राहा, अजून आहे, मी थांबलेय." बाबांना इतरांपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला.

"आजार नाही, बाबा. लहानपणी फुफ्फुसं भरपूर वाढली, श्वासनळ्या मात्र मागे राहिल्या. बोलताना मधेच दम घेता ना, तो त्यामुळेच."

"म्हणजे घर ऐसपैस आणि..."

"दार चिंचोळं. कळलं." त्यांची वाक्यं घरात आम्हीच पुरी करायचो.

ते हसले. निघताना दाराशी थांबून म्हणाले, "बयो, तुला एक..."

"डबा वेळेवर खाते. जा आता, बाहेर पेशंट बसलेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता त्यांचं हृदय बंद पडलं.

आठवड्याने मी कामावर परतले. दिवसभर अनोळखी माणसांचे श्वास अगदी शेवटपर्यंत सोडवून घेतले. शेवटचा पेशंट गेल्यावर दार लावलं आणि रिकाम्या खुर्चीसमोर बसले.



"बाबा, तुमचं वाक्य राहिलंय. सावकाश बोला, मी थांबलेय."