इथे हात ठेवा

शिपायाला बोलवायला शिक्षणाधिकाऱ्यांनी टेबलावरची घंटी कर्कश वाजवली आणि केतकी भिंतीवर कपाळ आपटू लागली. आईने मध्ये आपला हात घातला आणि बोलणं चालूच ठेवलं.

“साहेब, स्वमग्न मुलांसाठी प्रत्येक शाळेत एक मदतनीस द्या. आम्ही सगळे पालक कधीपासून हेच मागतोय.”

प्रत्येक दणक्याला आईची बोटं भिंतीवर ठेचली जात होती. चुन्यावर रक्त उतरलं.

“अहो, आवरा तिला.” साहेब उठून आले.

“ती अशी आवरत नाही. इथे हात ठेवा.”

त्यांनी ठेवला. पहिल्याच दणक्याला कळवळून काढून घेतला. दुसऱ्याआधी आईचा हात परत तिथे होता.

“शाळेत मग कोण हात ठेवतं?” त्यांनी बोटं चोळत विचारलं.

“कोणी नाही,” ती म्हणाली. “शाळेत नुसती भिंत असते.”