उघड्या दाराची खोली

राहती माणसे मोजणाऱ्या यंत्रांच्या नोंदींनुसार चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर एकाच खोलीत माणूस राहत होता: एकटा भार्गव तांडेल. शेजारच्या इंदूबाई शिरोडकरांची सहा माणसांची खोली रिकामी ठरली होती, आणि रिकाम्या खोलीच्या बदल्यात, चाळ पाडून उभ्या राहणाऱ्या नव्या इमारतीत घर मिळणार नव्हते.

तपासनीस नीलिमा दाबके यांनी इंदूबाईंच्या खोलीतले छताजवळचे श्वासमापक उतरवून तपासले. ते निर्दोष होते.

"आम्ही काय भुतं आहोत?" इंदूबाई म्हणाल्या. "बसा, चहा टाकते."

"जरा दार लावता?"

"रात्रीसुद्धा लावत नाही हो. दार लावायला आमचं कुणाशी भांडण आहे? तो भार्गव लावतो. त्याचं अख्ख्या चाळीशी वाकडं."

नीलिमा थबकल्या. त्यांनी स्वतः उठून दार लावले. चहा होईपर्यंत यंत्रावरचा आकडा चढत गेला.

"दिसलो ना आता? मग घर मिळेल?"

"मोजणीची मुदत काल संपली, इंदूबाई."

अहवालात नीलिमांनी लिहिले: 'हे यंत्र खोलीत साठलेला उच्छ्वास मोजते. येथील दारे सदैव उघडी असल्याने तो साठला नाही. माणसे येथेच राहत होती.'