खोडलेले 'मी'

बुऱ्हाणपूर कोणत्या प्रांतात जाणार, यावरून निघालेल्या मोर्चाबद्दल सुलभाने कॉलेजच्या निबंधात लिहिलं होतं, "पहिला दगड कुणी फेकला ते मी पाहिलं." कॉपी परत आली तेव्हा तिच्यातला एकूण एक 'मी' लाल शाईने खोडलेला होता. खाली शेरा होता, "'दगड फेकला गेला' एवढेच लिहावे."

"शाळेत असंच लिहिलं की दहापैकी नऊ मिळायचे," म्हणत पोरगी रडायला लागली. तशी तिची आई धुरपदाबाई कॉपी घेऊन कॉलेजच्या मास्तरांच्या घरी थडकली.

"का हो मास्तर, माझ्या लेकीने स्वतःचं काही लिहिलं की तुमच्या पोटात दुखतं का?"

"शाळेतली गोष्ट वेगळी, बाई. कॉलेजात 'मी' लिहीत नाहीत." मास्तर बोलत तिच्याशी होते, बघत मात्र रस्त्याकडे होते.

मेजावर इतर पोरांच्या तपासलेल्या कॉप्या उघड्या पडल्या होत्या. धुरपदाबाई शिकलेली जेमतेम दुसरी, पण 'मी' ओळखायला तेवढं पुष्कळ झालं. पानोपानी 'मी' होते आणि एकही खोडलेला नव्हता.

सगळी गल्ली जिच्या जिभेला वचकून असे, त्या धुरपदाबाईने लेकीची कॉपी पदराखाली झाकून घेतली. दगड मारणाऱ्याला पाहिलं म्हणून चौकात सांगणारे दोघे जण आठ दिवसांपासून घरी आलेले नव्हते.

"चांगलं झापलंस ना त्यांना?" घरी सुलभाने विचारलं.

"मास्तर म्हणतात तसं लिही, माय. कॉलेजात तसंच लिहितात," म्हणत धुरपदाबाईने भर दुपारी दाराला आतून कडी घातली.