वीस वर्षांनी येणारा झटका

आडवं पडावं की बसून राहावं, तेच हर्षदला कळेना. सकाळी त्याच्या रक्ताचा रिपोर्ट आला आणि दुपारपर्यंत बातमी कॉलनीभर झाली. आता शेजारचे बेडगेकाका मोसंब्यांची पिशवी घेऊन तीन जिने चढून त्याला बघायला आले होते.

"उठू नकोस, पड तू," काका धापा टाकत म्हणाले. "कधी आला रे झटका?"

"आला नाही, काका. येणार आहे, वीस वर्षांनी. कुठली रक्तवाहिनी कधी बंद पडणार, ते हल्ली रक्तावरून आधीच कळतं."

"अरे देवा! मग आत्ता दुखतंय का?"

"छे, काहीच नाही." तरी त्याचा हात आपोआप छातीवर गेला. सकाळीच तो टेकडीवर पळायला जाऊन आला होता. तेव्हा तो धडधाकट होता, की तेव्हाही आजारीच होता? त्याने पाय पसरले, मग ओशाळून पुन्हा मांडी घातली.

काका चहा पिऊन गेले. दिवसभर आल्यागेल्याचा चहा करणारी त्याची बायको मेघना आता त्याच्यासाठी मोसंबं सोलायला बसली. तिच्या हातांकडे बघता बघता त्याला एकदम आठवलं.

"अगं, रक्त तर आपण दोघांनी बरोबरच दिलं होतं. तुझा रिपोर्ट?"

"परवाच आला."

"मग?"

"सहा वर्षांनी." तिने एक फोड त्याच्या हातावर ठेवली. "सगळे मला बघायला आले असते, तर चहा कोणी केला असता?"