पक्कं छप्पर

वादळात पडलेली घरं पुन्हा उभी करायला परगावाहून आपणहून आलेला सुतार चार दिवस मावशींच्या छपरावर राबत होता. शेवटचा पत्रा आवळून तो खाली उतरला आणि घाम पुसत म्हणाला, "मावशी, आता कसलंही वादळ येऊ दे, एक पत्रा हलायचा नाही."

मावशींचा चेहराच उतरला. "थोडं सैल करता येईल का रे?"

"सैल? अहो, मागच्या खेपेला सगळं छप्पर उडालं ना तुमचं!"

"उडालं म्हणून तर जगलो. पुराचं पाणी आढ्याला टेकलं, तेव्हा तिथूनच मी आणि सून वर निघालो." त्यांनी पलीकडच्या पडक्या भिंतींकडे पाहिलं. "जाऊबाईंचं छप्पर पक्कं होतं. वर जायला झडपही होती, पण लाकूड फुगलं, उघडेना. पाच जण होते आत. ठोकत होते, ते आम्हाला ऐकू येत होतं."

सुतार पुन्हा शिडी चढला. दोन बोल्ट त्याने सैल केले. तिसऱ्याला पाना लावला, तोच खालून मावशींनी विचारलं, "पण नुसता वाराच आला तर?"

त्याचा हात थांबला.

"सांग ना रे. तू सुतार आहेस."