शाडूची शिकवणी

"पप्पा, गणपतीला उंदीर चालतो, मग कुत्रा का नाय चालत?" दिशाने विचारलं.

फाटकाबाहेर तिच्या मैत्रिणी सुरभी आणि पूजा तोंड दाबून उभ्या होत्या. हा प्रश्न विचारायची पैज त्यांचीच. आधीची पैज, काळोखात एकटीने भोगावती नदीवर जाऊन यायची, दिशाने हसत जिंकली होती. पेणच्या गणपती कारखान्यात, सगळ्या कारागिरांसमोर पप्पांना अडवायचं म्हणजे मात्र कमाल होती.

पप्पांचा मातीतला हात थांबला. मग त्यांनाच हसू फुटलं. "आण. पण कच्च्या मूर्तींजवळ ओल दिसली, की पिल्लू रोह्याला आत्याकडे."

मातीच्याच रंगाचं पिल्लू, म्हणून नाव शाडू.

दिशाने शिकवणी सुरू केली. खाल्लं की अंगणात, झोपून उठलं की अंगणात, बाहेर शू केली की चपातीचा तुकडा. रंगाच्या डब्यांत तोंड घालू नये म्हणून ओढणीचं एक टोक त्याच्या पट्ट्याला, दुसरं स्वतःच्या कमरेला. शाडू शहाणा निघाला. दिवसभर आत एक थेंब नाही.

रात्री तो कारखान्यात झोपायचा, आजोबांच्या खाटेजवळ, खोक्यात. मूर्तींची राखण आजोबांकडेच होती. आणि रोज सकाळी खाटेखाली ओल.

"चादर पन भिजवलीन गो तुझ्या लेकाने," आजोबा नळावर चादर पिळत म्हणायचे. आईला ते हात लावू देत नसत. "ल्हान हाय, शिकंल. ओरडू नको त्याला."

शेवटी पप्पांनी बजावलं, "उद्या ओल दिसली तर रोहा."

दुसऱ्या दिवशी ओल मूर्तीच्या पाटापर्यंत पोचली होती. पप्पांनी आत्याला फोन लावायला घेतला. शाडू खोक्यातून शेपटी हलवत होता.

"थांब रे. त्याची चूक नाय..." आजोबा म्हणाले आणि त्यांनी हातातली ओली चादर पाठीमागे धरली.

दिशा त्यांच्याकडे बघत राहिली. शाडू काल रात्रभर माडीवर तिच्या कुशीत झोपला होता. पहाटे आजोबा नळावर गेल्यावर तिने त्याला गुपचूप खोक्यात आणून ठेवलं होतं.

"पप्पा, आई, मी ठरवलंय," ती म्हणाली. "शाडू कुठे नाय जायचा. रोज रात्री उठून मी त्याला बाहेर नेणार. पण मला काळोखाची भीती वाटते. आजोबांना माझ्या सोबतीला यावं लागेल."